तुकोबांच्या पुलावरून पैलतीरी गेलेला कोकणचा कवी : नारायण वामन टिळक



दिंडीच्या शताब्दीच्या या अंकात ज्ञानोबा-तुकोबांपासून आपल्या पंचक्रोशीतल्या वीणेकऱ्यांपर्यंत पुष्कळांची चरित्रे आली आहेत. त्यातच एका ख्रिस्ती पाद्रीबाबांचे चरित्र पाहून कोणी भुवया उंचावतील. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, आणि अंकात पाद्र्याची गोष्ट कशाला, असे कोणी विचारले तर ते विचारणेही बरोबरच आहे. आम्ही त्याचे उत्तर एवढेच देऊ की हे चरित्र शेवटपर्यंत वाचावे. या माणसाने जन्मभर तुकोबांचा हात सोडला नाही. आणि ग्रंथ वाचून माणूस मोठा होतो की लहान होतो, हा जो प्रश्न पारायणाला बसणाऱ्या आपल्या प्रत्येकाला पडायला हवा, त्याचे उत्तर या माणसाने स्वतःच्या संसाराची किंमत मोजून शोधले.

आधी एक घोटाळा दूर करू. टिळक म्हटले की आपल्याला लोकमान्य आठवतात. हे टिळक वेगळे. रेव्हरंड नारायण वामन टिळक, फुलामुलांचे कवी म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखतो ते. जन्म 6 डिसेंबर 1861, गाव करजगाव, तालुका दापोली. म्हणजे आपल्या महाड-पोलादपूरच्या शेजारचाच मुलूख. तोच लाल मातीचा रस्ता, तोच चार महिन्यांचा पाऊस. घर चित्पावन ब्राह्मणाचे, वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई मायाळू, देवभोळी. मुलाला कवितेचे वेड लागले ते आईमुळे. ती आई लवकर गेली. त्या दुःखात पोराने घर सोडले आणि चालत चालत नाशिक गाठले. हाताशी पैसा नाही, ओळख नाही. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारखे विद्वान गुरू भेटले, संस्कृत शिकायला मिळाले. इंग्रजी शाळेतले शिक्षण मात्र दोन वर्षांतच थांबले, कारण घरची जबाबदारी अंगावर आली.

1880 च्या सुमारास लग्न झाले. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची, नाव मनकर्णिका. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले. याच त्या लक्ष्मीबाई टिळक, ज्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र मराठीत अजून आवडीने वाचले जाते. टिळकांविषयी आपल्याला जे कळते, त्यातले पुष्कळसे त्या माउलीमुळेच. आणि बरं का, नवऱ्याची थोरवी सांगताना त्यांनी त्याचे दोष झाकून ठेवलेले नाहीत.

दोष होतेच. टिळक हुशार होते, शीघ्रकवी होते, बोलायला उभे राहिले की सभा जिंकायचे. पण पाय एका गावी ठरत नव्हता. आज या गावी मास्तर, उद्या त्या गावी कीर्तन-प्रवचन, परवा आणखी कुठे. नागपुरास गेले, तिथे धनिकांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम केले, 'ऋषि' नावाचे मासिक चालवले. राग नाकावर. हातात पैसा आला की तो गरजवंताला देऊन टाकायचे नाहीतर भलत्याच वस्तूवर घालवायचे, आणि घरी बायको चूल कशी पेटवायची या विवंचनेत. देशाचे भले व्हावे, जातिभेद जावा, ही तळमळ खरी होती. पण त्या तळमळीत आपल्या बुद्धीवरचा भरवसाही फार होता. सगळे धर्म चाळून झाले, कशानेच समाधान होईना, तेव्हा त्यांनी स्वतःच एका नव्या धर्माची कलमे बांधली. देव एक, माणसे सगळी भाऊ, जातिभेद खोटा, मूर्तिपूजा नको. त्यात एक कलम असेही होते की जगातला कोणताही ग्रंथ देवाने दिलेला नाही. सृष्टी हाच काय तो देवाचा ग्रंथ.

देवाची गंमत पाहा. ज्याने कोणत्याच ग्रंथापुढे वाकायचे नाही असे ठरवले, त्याला एका ग्रंथानेच वाकवले.

1893 साली टिळक नोकरीसाठी नागपूरकडून राजनांदगाव संस्थानाकडे आगगाडीने निघाले होते. डब्यात एक अनोळखी गोरा साहेब भेटला. दोघांचे काव्यावर, धर्मावर बोलणे झाले. साहेब आदराने, गोडीने बोलला. उतरताना त्याने ख्रिस्ती शास्त्रातला नवा करार टिळकांच्या हाती दिला, तो वाचायला सांगितला, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते काही पटले नाही. पण शब्द दिला होता म्हणून पुस्तक उघडले. हातात पेन्सिल घेऊन, चुका काढत, खुणा करत, पंडिताने पोथी तपासावी तसे वाचायला बसले.

वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले. त्या प्रवचनात काय आहे ते आपल्या भाषेत थोडक्यात सांगतो. जो मनाने दीन आहे, ज्याच्यापाशी मिरवायला काही नाही, तो देवाला जवळचा. दान करावे ते गाजावाजा न करता. प्रार्थना करावी ती लोकांनी पाहावे म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढायला निघण्याआधी आपल्या डोळ्यातले मुसळ पाहावे. वैऱ्याचेही भले चिंतावे. इथे टिळकांच्या हातातली पेन्सिल थांबली. आजवर ते ग्रंथाची परीक्षा घेत होते. आता ग्रंथ त्यांची परीक्षा घेऊ लागला. त्या पानांपासून त्यांना उठवेना.

आता माउली, इथे आमच्या-तुमच्या जिव्हाळ्याची गोष्ट येते. ही वचने टिळकांना परकी का वाटली नाहीत? कारण त्यांचे कान आधीच तुकोबांनी तयार करून ठेवले होते. देवापुढे लहान व्हावे, वेठबिगारीचे कर्मकांड सोडून भाव धरावा, पिडलेल्याला आपला म्हणावे, हे सगळे त्यांनी गाथेत वाचले होते, ऐकले होते, गायले होते. म्हणून पुढे ते स्वतःच सांगत राहिले की आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकारामांच्या पुलावरून आलो. किती माणसे अशी असतात की नव्या घरी गेली की जुन्या घराची निंदा करतात! टिळकांनी ते केले नाही. ज्या पुलाने नदी पार केली तो पूल त्यांनी मागे जाळला नाही, उलट जन्मभर त्याला नमस्कार करत राहिले.

वाचन झाले, शंका विचारून झाल्या, मुंबईच्या अमेरिकन मिशनचे जस्टिन ॲबट साहेब यांच्याशी पत्रव्यवहार झाला. याच ॲबट साहेबांनी पुढे महिपतीबुवांचा 'भक्तविजय' आणि आपल्या संतांची चरित्रे इंग्रजीत नेली, हेही सांगून ठेवायला हवे. अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या साहेबाच्या हातून नव्हे, तर रेव्हरंड तुकाराम नथोजी या आपल्याच मराठी माणसाच्या हातून. इथेही नाव तुकारामच.

आणि इथेच या चरित्रातली सर्वात अवघड जागा आहे. तिच्यावर पांघरूण घालून पुढे जाणे आम्हाला बरे वाटत नाही. या निर्णयाने घर मोडले. लक्ष्मीबाई तेव्हा पंचविशी-सत्ताविशीच्या, पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण त्या काळच्या समजुतीप्रमाणे जातीला मुकलेला. माहेरच्या माणसांत राहायचे, लोकांचे टोमणे ऐकायचे, रात्री उशी भिजवायची. साडेचार-पाच वर्षे हा वियोग चालला. त्यातला काही काळ लक्ष्मीबाई कुठे होत्या ठाऊक आहे? आपल्या पंढरपुरात. ज्या वाळवंटात आपण नाचतो, त्याच चंद्रभागेच्या काठी ही बाई आपल्या फुटक्या नशिबाचा अर्थ शोधत होती. टिळक पत्रे पाठवायचे, कविता पाठवायचे. सत्य सापडले म्हणून निघालेल्या माणसाच्या मागे कोणाचे तरी डोळे पाणावलेले असतात, ही गोष्ट कोणत्याही धर्माच्या माणसाने विसरू नये.

पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला नवऱ्याजवळ आल्या. पण त्या धर्म बदलून आल्या नव्हत्या. आपले सोवळे घेऊन आल्या. त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. सभेत हजारोंना उपदेश करणारा हा पंडित घरात काय करणार, हा खरा प्रश्न होता. नव्या कराराच्या वाचनाने माणूस किती बदलला ते सभेत कळत नाही, ते चुलीपाशी कळते. टिळकांनी बायकोवर सक्ती केली नाही. तिचे सोवळे तिला पाळू दिले, वाट पाहिली. लक्ष्मीबाईंनी आपल्या मनानेच विचार केला. माणूस देवाने केला, जाती कोणी केल्या, असा तो विचार होता. एके दिवशी त्यांनी सोवळे आपण होऊन सोडले, आणि 1900 साली दत्तूसह बाप्तिस्मा घेतला. ज्या माणसाला पूर्वी एका शब्दाने राग यायचा, त्याने ही इतकी वर्षे वाट पाहिली. आमच्या मते टिळकांच्या सगळ्या कवितांपेक्षा हे वाट पाहणे मोठे.

नगर भागातली ख्रिस्ती मंडळी बहुतेक महार-मांग समाजातून आलेली. त्यांच्या पंगतीला हा कोकणस्थ ब्राह्मण आपला माणूस म्हणून बसला. आज आपल्याला याचे काही वाटणार नाही. पण आपल्या महाडात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला तो 20 मार्च 1927 रोजी, म्हणजे टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर बत्तीस वर्षांनी. त्यावरून त्या काळी पंगत बदलणे म्हणजे काय होते ते समजून घ्यावे.

बाप्तिस्मा घेतला आणि माणूस एका रात्रीत संत झाला, असे मात्र झाले नाही. लक्ष्मीबाई सांगतात की राग शेवटपर्यंत डोकवायचा. फरक एवढा पडला की राग ओसरला की त्यांना लगेच पश्चात्ताप व्हायचा आणि त्यात मोठेपणा आड येत नसे. घरात अनाथ पोरे येत, राहत, जेवत. आपली-परकी हा भेद नाही. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, हे याच घरात लेकरासारखे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली. बालकवी हिंदूच होते आणि हिंदूच राहिले. त्यांना कोणी ओढले नाही, ढकलले नाही. स्वतः ज्या धर्मासाठी घर पणाला लावले, तो धर्म दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचा नाही, हेही एक प्रकारचे लहान होणेच आहे.

देवळातल्या उपासनेचेही तसेच. त्या वेळी मराठी ख्रिस्ती मंडळी साहेबांच्या चालीवरची, इंग्रजीवरून उतरवलेली गीते म्हणत. टिळकांना हे खटकले. मराठी माणसाच्या गळ्यातून देव निघायचा तर तो अभंगातूनच निघणार. मग त्यांनी शेकडो अभंग, पदे, भजने रचली. 'अभंगांजली' हा त्यांचा संग्रह तर नावापासून आपल्या परंपरेचा. टाळ-मृदुंगाच्या साथीने त्यांनी ख्रिस्ती कीर्तने केली, पूर्वरंग-उत्तररंगासकट. आजही महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती देवळांत त्यांची भजने म्हटली जातात. 'ज्ञानोदय' या जुन्या पत्राच्या मराठी भागाचे संपादनही त्यांनी केले. ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारणारा हा कवी. आपण ज्ञानोबारायांना माउली म्हणतो, विठ्ठलाला विठाबाई म्हणतो, त्याच वळणाने.

मान मिळाला, नाव झाले. मिशनची नोकरी होती, घर होते, पाद्री म्हणून अधिकार होता. वय पन्नाशीच्या पुढे गेले. अशा वेळी माणूस स्थिर बसतो. टिळक उठले. आपण अजून पगारी आहोत, अजून कोणाचे तरी नोकर आहोत, देवाचे पुरते झालो नाही, ही टोचणी त्यांना बसू देईना. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यास जाऊन राहिले. तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. अट एकच, प्रेमाने देवाची आणि माणसाची सेवा. आपल्यापैकी जे माउलींच्या पालखीबरोबर लोणंद-फलटणच्या वाटेने चालतात, त्यांना सातारा जिल्ह्याची माती ओळखीची आहे. त्याच जिल्ह्याच्या गावात, आपल्या पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरावरून जिथे उतरतो त्या साताऱ्यात, हा दरबार भरत असे.

दरबार फार दिवस चालायचा नव्हता. प्रकृती ढासळली. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांनी देह ठेवला. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले होते, ते अर्धवटच राहिले. ते पुढे कोणी नेले असेल? ज्या बाईला लग्नाच्या वेळी धड अक्षरओळख नव्हती, जिला नवऱ्याने घरी वाचायला शिकवले, जी पंढरपुरात रडत बसली होती, तिनेच. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याने सोडलेला धागा उचलला आणि एकामागून एक अध्याय लिहिले. 1936 साली त्याही गेल्या.

टिळकांच्या एका पदाचा भाव असा की, देवा, इतके चाललो तरी माझ्यात अजून फार उणे आहे. हे पद त्यांनी तरुणपणी नव्हे, सगळे मिळाल्यावर रचले असे धरले तर त्याचा अर्थ अधिक कळतो. आणि कधीही रचले असले तरी त्यांच्या आयुष्याचे सार त्यात आहे. वयाच्या तिशीत ज्याला वाटत होते की आपण नवा धर्म काढू शकतो, तो पन्नाशीनंतर म्हणू लागला की आपण अजून अपुरे आहोत. मधल्या वर्षांत त्याने काय केले? एक ग्रंथ उघडला आणि त्याला आपल्यावर बोलू दिले.

आता आपल्याकडे वळू. आपल्या बिरवाडी पंचक्रोशीत सप्ताह होतात, ज्ञानेश्वरीची पारायणे होतात. जवळच शिवथरघळ आहे, जिथे समर्थांनी दासबोध सांगितला असे आपण मानतो. ग्रंथांची आपल्याला वाण नाही. तरीसुद्धा आम्हाला स्वतःलाच विचारावेसे वाटते की, आमची पारायणे किती झाली हे आम्ही मोजतो, पण पारायणाने आम्ही किती वाकलो हे कोण मोजतो? वाऱ्या किती केल्या हे सांगताना छाती पुढे येत असेल तर ती वारी पायांनी झाली, मनाने व्हायची राहिली. ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय उघडा. ज्ञानाची लक्षणे सांगायला सुरुवात होते ती अमानित्वापासून. मान नको वाटणे, ही ज्ञानाची पहिली खूण. पाठांतर नव्हे, पांडित्य नव्हे. माउलींनी तिथेच सगळ्यांना सांगून ठेवले आहे, आणि दापोलीचा हा नारायण दुसऱ्या ग्रंथाच्या वाटेने त्याच खुणेपाशी येऊन पोहोचला.

आम्ही विठ्ठलाचे दास आहोत आणि विठ्ठलाचेच राहू. टिळकांची वाट आमची नाही, त्यांचा निर्णयही आम्ही कोणाला घ्या म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या शेतात चांगले पीक दिसले तर बियाणे कोणते, पाणी किती घातले, हे शेतकरी विचारतोच ना? आपण ते विचारावे. ग्रंथ वाचताना बोट दुसऱ्याकडे न दाखवता स्वतःकडे वळवणे, घरच्या माणसाची वाट पाहणे, पंगतीत उच्चनीच न पाहणे, आणि आपल्याला वर आणणाऱ्या पुलाला न विसरणे, ही चार बियाणी घेण्यासारखी आहेत.

आपल्या दिंडीत एक रीत आहे. दिसेल त्याच्या पाया पडायचे. लहानाने मोठ्याच्या आणि मोठ्याने लहानाच्याही. शंभर वर्षे ही रीत आपण पाळत आलो. उद्या वरंधा घाटाच्या वळणावर कोणी अनोळखी समोर आला, त्याच्या गळ्यात माळ नसली, दुसरेच काही असले, तरी आपले हात त्याच्या पायांकडे जावेत. एवढे झाले तरी आपले पारायण अंगी लागले असे म्हणू.

॥ रामकृष्ण हरी ॥